मूल कोणाकडे राहावे?

मागे एका गावी दहाव्याला जाण्याचा प्रसंग आला. बाप दोन वर्षांपूर्वीच गेलेला, आता आईही गेली. मागे राहिली दोन लेकरे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठांचा. नदीवरचा विधी आटोपून घरी आलो, हातपाय धुतले आणि ओसरीवर बोलणी सुरू झाली. चुलता म्हणाला, "पोरगा माझ्याकडं राहू द्या." मामा म्हणाला, "मग पोरीला मी नेतो." आजी आत चुलीपाशी बसली होती, तिला कोणी हाक मारली नाही. मुले दाराच्या चौकटीला टेकून सगळे ऐकत होती. पाव तासात निकाल लागला. चुलता वाईट नाही, मामाही वाईट नाही. आणि मी तिथेच बसून गप्प राहिलो, हेही कबूल केले पाहिजे.

माय मरो आणि मावशी जगो, अशी आपल्यात म्हणच आहे. पोरके मूल नात्यातल्या माणसाने पोसावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याकडे कमी पडते ते निराळेच. मुलाचा निर्णय सगळ्या नातलगांनी एकत्र बसून, बायामाणसांना धरून आणि मुलाला विचारून करावा, ही रीत आपल्यात पुरती रुजलेली नाही. ती एका देशाने कायद्यातच घालून ठेवली आहे. तो देश न्यूझीलंड. दूरचा खरा, पण गोष्ट घरचीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिथले मूळचे लोक माओरी. त्यांच्यात मूल एकट्या आईबापाचे मानीत नाहीत. आजे, चुलते, मावश्या, आत्या असे सगळे मिळून जे गोत, त्याला ते फानाऊ म्हणतात, आणि मूल त्या गोताचे. आजीने नातू वाढवणे ही त्यांची जुनी चाल. तिला शब्द आहे फांगाई, म्हणजे खाऊ घालणे, पोसणे. आपण 'पोसलेलं पोर' म्हणतो ना, तसेच बघा. यात लपवाछपवी नसते. आपले जन्मदाते कोण, हे मुलाला ठाऊक असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबे खेड्यांतून शहरांत आली, तसतसे सरकारी अधिकारी त्यांची मुले उचलून संस्थांत नाहीतर परक्या घरी ठेवू लागले. गोताला कोण विचारतो! 1986 साली जॉन रांगीहाऊ यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने सरकारला अहवाल दिला आणि हा कारभार माओरींना कसा पारखा झाला आहे ते स्पष्ट सांगितले. पुढे 1989 साली नवा कायदा झाला. मुलाच्या सांभाळाचा प्रश्न उभा राहिला की आधी कुटुंबाची बैठक भरवायची, असे त्यात ठरले.

ही बैठक कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. एक समन्वयक नेमलेला असतो. तो नातलगांचा शोध घेऊन त्यांना बोलावतो. बैठक कधी आणि कुठे भरवायची, हेही घरच्यांना विचारूनच ठरते. प्रथम अधिकारी मंडळी मुलाविषयी जे ठाऊक असेल ते उघड सांगतात. मग ती उठून बाहेर जातात! आत राहते फक्त कुटुंब. रडणे, भांडणे, जुनी उणीदुणी, सगळे तिथे निघते, आणि त्यातूनच कोण काय करणार ते ठरते. नंतर अधिकारी परत आत येतात. ठरलेले मुलाच्या दृष्टीने सुरक्षित आहे ना, हे पाहतात आणि कागदावर आणतात. एकमत झालेच नाही तर प्रकरण कोर्टापुढे जाऊ शकते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अधिकाऱ्यांनी बाहेर जाण्याची. अधिकार हातात असून दार ओढून घेणे सोपे नाही.

कायदा झाला म्हणून तिथे सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. 2019 साली हेस्टिंग्ज येथे एका माओरी मातेचे तान्हे बाळ ताब्यात घेण्याचा अधिकाऱ्यांनी प्रयत्न केला, तेव्हा देशभर संताप उसळला. संस्थांतून पूर्वी मुलांचे जे हाल झाले, त्यांच्या चौकशीचा अहवाल 2024 साली आला आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आणि नाते म्हणजे माया, असेही डोळे मिटून धरू नये. आणलेल्या पोरीला शाळेतून काढून भांड्यांना आणि गुरांना लावलेले मी पाहिले आहे. जनाबाई दामाशेटींच्या घरी वाढल्या, ते आपण कीर्तनात भक्तीने ऐकतो. पण आपल्या घरी आणलेल्या भाचीला दळणकांडणाला जुंपून वर जनाबाईंचे नाव सांगणारा माणूस भेटला तर त्याला काय म्हणावे? असो.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेचा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची म्हटली आहे, आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा त्याचा हक्क सांगितला आहे. जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सभासद. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तीत मूल आजीकडे, मावशीकडे, नात्यात राहिले तरी त्याच्यासाठी दरमहा मदत मिळू शकते. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावी. पुष्कळ आज्या पेन्शन नाही, शेत नाही, अशा स्थितीत नातवंडे ओढतात आणि हा अर्ज कोणी त्यांना सांगत नाही. मुलाला घरात मार बसत असेल, उपास पडत असेल, तर 1098 या क्रमांकावर फोन करावा, त्याला पैसे पडत नाहीत. बापाची जमीन वा पैसा असेल तर तो मुलाच्या नावचा आहे, सांभाळणाऱ्याचा नव्हे. पालक म्हणून कोर्टाकडून नेमणूक करून घ्यायची झाली तर 1890 चा कायदा आहे; आणि मूल जाणते असेल तर त्याची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात.

त्या दोन मुलांचे पुढे असे झाले. आषाढीच्या वाटेवर मामीबरोबर मुलगी भेटली. पाया पडली आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आमचा बाळ्या जेवतो का हो नीट?" सहा महिन्यांत भाऊ दृष्टीस पडला नव्हता. वारीहून परतल्यावर मी चुलत्याकडे गेलो, मग मामाकडे. कार्तिकी झाल्यावर आजीच्या घरी सगळ्यांना बसवले. या खेपेला आजी ओसरीवर होती, मामी होती, दोन्ही मुलेही होती. मी आणि गावचे गुरुजी, आम्ही परके दोघे उठून मारुतीच्या पारावर जाऊन बसलो. तास झाला, दोन झाले. आतून आवाज चढल्याचे ऐकू येई, पण आम्ही हललो नाही.

दिवेलागणीला हाक आली. मुले आजीकडे एकत्र राहायची. धान्य मामाने द्यायचे, वह्यापुस्तके आणि कपडालत्ता चुलत्याने. अर्जासाठी तालुक्याला मामीने जायचे, कारण तिला लिहिता येते. शेताचा उतारा मुलांच्या नावे करून घ्यायचा. हे सगळे वहीच्या पानावर लिहिले होते. खाली आजीचा अंगठा होता, आणि तिच्या शेजारी मुलीने आपली सही केली होती.