खरे घर

मराठी लोकगीतांतील सासुरवाशिणीची घरे दोन असतात. सासरी तिची सारी कर्तव्ये असतात. ती तेथेच राबते, तेथेच मायेची माणसे जोडते. मनाची ओढ मात्र माहेराकडे असते. वारकरी पंढरपूरला माहेर मानतो, तो याच भावनेने. ख्रिस्ती श्रद्धेतही अशा दोन घरांची कल्पना आहे. पृथ्वी हा मुक्काम आणि स्वर्ग हे खरे घर, असे ख्रिस्ती भाविक मानतो.

या विचाराची एक महत्त्वाची मांडणी संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आढळते. आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, असे तो तेथे सांगतो. हे पत्र ज्यांना लिहिले त्यांचे गाव लक्षात घेतले, म्हणजे या विधानाचे मर्म उलगडते. फिलिप्पै हे मॅसिडोनियातील नगर. इ. स. पूर्व ४२ मध्ये तेथे मोठी लढाई झाली आणि त्यानंतर निवृत्त रोमन सैनिकांना तेथे जमिनी देऊन वसवण्यात आले. रोम शेकडो मैल दूर. तरी नगराचा कारभार रोमन पद्धतीने चाले आणि शिलालेख लॅटिन भाषेत कोरले जात. या सैनिकांनी पुन्हा रोमला जाऊन राहावे, अशी अपेक्षा नव्हती. रोमची रीत त्यांनी फिलिप्पैत रुजवावी, ही अपेक्षा होती. म्हणजेच, स्वर्गाचे नागरिक होणे म्हणजे पृथ्वीवरून पाय काढून घेणे नव्हे, तर आहे तेथेच स्वर्गाच्या रीतीने वागणे होय. याच नगरात पौलाला फटके मारून तुरुंगात टाकले होते आणि आपण रोमन नागरिक आहोत, हे त्याने तेथील अधिकाऱ्यांना सुनावले होते. नागरिकत्व ही त्याच्या दृष्टीने नुसती उपमा नव्हती!

चर्चच्या स्थानिक विभागाला 'पॅरिश' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे, परक्या गावातील वास्तव्य. आज अगदी घरगुती वाटणाऱ्या शब्दात प्रवाशाची ही जाणीव दडलेली आहे.

तरीही एक आक्षेप उरतो. स्वर्गाची ओढ लागलेला माणूस आपल्या माणसांना विसरणार नाही काय? जॉन बन्यन या इंग्रज लेखकाच्या १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूपककथेत हा प्रश्न तीव्रतेने जाणवतो. बन्यन भांडी दुरुस्त करणारा कारागीर होता. परवान्यावाचून धर्मोपदेश केल्याबद्दल त्याने सुमारे बारा वर्षे तुरुंगवास भोगला. त्याच्या कथेचा नायक विनाशनगर सोडून स्वर्गनगराकडे निघतो, तेव्हा बायको-मुले त्याला परत बोलावतात; पण तो कानांत बोटे घालून धावत सुटतो. या प्रसंगाने वाचक अस्वस्थ होतो, आणि तसे होणे योग्यच आहे. खुद्द लेखकालाही हा प्रसंग तेथेच सोडून देता आला नसावा. १६८४ मध्ये त्याने दुसरा भाग लिहिला. त्यात नायकाची पत्नी मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते आणि स्वर्गनगरापुढील, पूल नसलेली ती नदी ओलांडते. हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने बन्यनचा हा ग्रंथ मराठीत आणला.

पुढे महाराष्ट्रातच एका कुटुंबाने अशी ताटातूट प्रत्यक्ष अनुभवली. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे घर दुभंगले. त्यांना श्रद्धेचे घर सापडले. पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र विरह आणि लोकनिंदा आली. त्या दिवसांचे दुःख त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगितले आहे, आणि तेही हसतखेळत, कोणताही आव न आणता. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडून, स्वतःच्या पावलांनी ती वाट चालली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा छंद आपलासा केला होता. १९१९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे पुढील अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.