आधी दुकानाच्या पायरीवर बस

ये गं, इथं कट्ट्यावर बस. आत आईच्या भिशीवाल्या आल्यात, त्यांचं उरकेपर्यंत आपल्याला निवांत बोलता येईल. तुझं ऑफर लेटर मी दोनदा वाचलं. वालचंद कॉलेजमधून बाहेर पडून थेट नैरोबी! काकू म्हणाल्या, "पुण्यात काय कमी आहे?" 2013 मध्ये माझ्या आईनंही हेच विचारलं होतं. त्यांची काळजी खोटी नाही. मला जाऊन चार महिनेही झाले नव्हते, तोवर सप्टेंबरात तिथल्या वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला. इथं विश्रामबागेत आमच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तरी मी म्हणेन, जा. पण मी गेले तशी जाऊ नकोस.

मी शिकवायला निघाल्यासारखी गेले होते. मनात हेच, की आपण इंजिनिअर, भारतातून आलेलो, यांना चार गोष्टी दाखवू. आणि तिथं उतरल्यावर बघते तर भाजीवाली फोनवर पैसे घेतेय, मटाटूचा कंडक्टर घेतोय. मटाटू म्हणजे आपल्या वडापसारखी गाडी. ही सोय म्हणजे एम-पेसा, सफारीकॉम या तिथल्या फोन कंपनीनं 2007 च्या मार्चमध्ये सुरू केलेली. आपल्याकडं यूपीआय आलं 2016 ला. 'पेसा' म्हणजे आपला पैसाच, तो शब्द समुद्र ओलांडून तिकडं रुजलाय. तिकडच्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'डुका' म्हणतात, चहाला 'चाई'.

या एम-पेसाची जन्मकथा तुला माहीत हवी. 2005 मध्ये व्होडाफोननं ब्रिटिश सरकारच्या मदतीनं एक चाचणी घेतली होती, छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून फेडता यावेत म्हणून. लोकांनी मात्र तीच सोय एकमेकांना पैसे पाठवायला वापरली. शहरात राबणारा मुलगा गावी आईला पैसे पाठवायला लागला. चाचणी घेणाऱ्यांनी ते नीट पाहिलं आणि सगळा बेतच बदलला. कर्जाचे हप्ते मागं पडले, घरी पैसे पाठवणं पुढं आलं. तुझं सगळं काम याच पाहण्यात आहे, बाळा. मला ते कळायला सात महिने लागले.

आमची कंपनी लहान होती. शेतकरी बायकांना बचत करता यावी म्हणून साध्या फोनवर चालणारा मेनू आम्ही केला होता. स्टार-हॅशचा नंबर दाबायचा आणि एकेक पर्याय निवडायचा. तो मी लिहिला, आठ पर्यायांचा, इंग्रजीत. ऑफिसात सगळ्यांनी वाखाणला. मग आम्ही थिका शहराच्या बाजूला एका डुकावर गेलो. ती दुकानदारीण एम-पेसाची एजंट होती. म्हणजे काय, तर गिऱ्हाईक नोटा देतं, ती आपल्या फोनमधले पैसे त्याच्या फोनवर टाकते आणि कमिशन घेते. कुणाला रोख हवी असेल तर त्याच्या उलट. त्यामुळं तिला गल्ल्यातल्या नोटा आणि फोनमधली शिल्लक दोन्ही सांभाळावी लागतात. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत त्यातलं एक संपतंच.

तिथं एक बाई माझा मेनू उघडून वाचत होती. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. असा मेनू ठरावीक वेळच उघडा राहतो. तिचं चौथ्या ओळीपर्यंत वाचून होतंय तोवर तो बंद झाला. तिनं परत नंबर दाबला, परत तेच. तिसऱ्यांदा तिनं फोन दुकानदारणीच्या हातात दिला आणि आपला गुप्त पिन मोठ्यानं सांगितला. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो ऐकला. माझ्या कामामुळं त्या बाईचा पिन चव्हाट्यावर आला गं. ती माझ्याकडं बघून हसली, "सावा" म्हणाली, म्हणजे ठीक आहे. मला रात्रभर झोप आली नाही.

पुढं तीन आठवडे मी त्याच डुकाच्या पायरीवर बसून काढले. तेव्हा कळलं की बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. पैसे जमा झाल्याचा मेसेज आम्ही पाठवायचो आणि बाईनं बाजूला टाकलेले पैसे त्याच मेसेजनं घरात उघडे पडायचे. म्हणून त्या बायका आमच्या सोयीपेक्षा आपल्या 'चामा'वर विसंबून होत्या. चामा म्हणजे हीच बघ, आत चाललीय ती. भिशी! दर महिन्याला जमायचं, पैसे काढायचे, एकीला द्यायचे, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारायचं. लहानपणापासून भिशी बघितलेली मुलगी मी, पण मेनू लिहिताना ती मला आठवली नाही. नंतर आम्ही तीनच पर्याय ठेवले, स्वाहिलीत, आणि मेसेज हवा की नको ते बाईला विचारायला लागलो.

स्वाहिली शीक. नुसतं "जांबो" म्हणून भागत नाही. त्यांच्यात तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळी सातला 'सा मोजा', म्हणजे पहिला तास. एका बैठकीला मी यामुळंच सहा तास उशिरा पोचले आणि त्या गटातल्या बायका तोवर घरी निघून गेल्या होत्या.

नैरोबीत न्गाँग रोडवर आयहब नावाची जागा होती, एरिक हर्समन यांनी 2010 मध्ये सुरू केलेली. नवं काही करू बघणारी पोरंपोरी तिथं जमायची. त्याच मंडळींतल्या काहींनी 2008 मध्ये 'उशाहिदी' उभं केलं होतं, ओरी ओकोलो, जुलियाना रोटिच, डेव्हिड कोबिया आणि स्वतः हर्समन. उशाहिदी म्हणजे साक्ष. तिथं 2007 च्या निवडणुकीनंतर दंगली पेटल्या तेव्हा लोकांनी एसएमएसवरून कळवलेल्या घटना ते नकाशावर मांडायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथल्या आयर्विन पुलाशी कृष्णेचा पूर 57 फुटांवर गेला, गावभागातली माणसं आपल्याकडं आली, कोण कुठं अडकलंय याचे तेच ते मेसेज फिरत राहिले, तेव्हा मला त्या नकाशाची फार आठवण आली.

आता एक गोष्ट सांगते, ती मी आईलाही सांगितलेली नाही. माझ्या शेजारी बसणारी तिथलीच मुलगी माझ्याहून हुशार होती. कोड माझ्यापेक्षा चांगला लिहायची, गावोगावची माणसं ओळखायची. तिला माझ्या निम्मा पगार होता, कारण मी बाहेरून आलेली. हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं आणि मी गप्प बसले. नोकरीची भीती, परमिटची भीती. ती सोडून गेली तेव्हा मिठी मारून गेली, त्याचं जास्त लागलं. तिकडं गुंतवणूकदारांचे पैसे परदेशी चेहऱ्यांकडं लवकर जातात, ही तिथल्या मुलांची तक्रार खरी आहे. त्या फायद्यात तूही असशील. निदान गप्प बसू नकोस, आणि तुझं काम तिथल्या कुणाला तरी पुरतं शिकवून ये.

आता कागद. वर्क परमिट क्लास डी चं असतं, ते कंपनीच्या नावाशी बांधलेलं. नोकरी बदललीस की सगळं नव्यानं. म्हणून ते कोण काढणार, खर्च कोण करणार, हे आधीच लिहून घे. कंपनीकडं किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, हे विचारायला लाजू नकोस. मी विचारलं नाही आणि एका गुंतवणुकीचा हप्ता अडकल्यावर माझा दोन महिने पगार झाला नाही. शिलिंगमध्ये पगार ठरत असेल तर नीट विचार कर. मी गेले तेव्हा डॉलरला 85 च्या आसपास शिलिंग मिळायचे, 2024 च्या सुरुवातीला 160 झाले होते.

पीतज्वराची लस निघायच्या दहा दिवस आधी तरी घे आणि तो पिवळा दाखला पासपोर्टातच ठेव. तो नसला तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवतात. कांदा-लसूण मसाला ने, भडंग थोडं जास्त ने, ऑफिसात वाटायला.

आणि पोचल्यावर फोन कर. पहिले काही दिवस रात्री फार एकटं वाटतं, तेव्हा तर करच. त्यांच्या रात्रीच्या 'सा म्बिली'ला, दोन नव्हे हं, आठला. आपल्याकडं तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. मी जागी असते.