काशिनाथ तेलंग यांचा निवाडा

वाटणीचा तंटा खाप्यात कोणाला ठाऊक नाही? कन्हानकाठचे वावर, राहते घर, सारे एकत्र. पोराला वेगळे व्हायचे असते. बाप म्हणतो, "मी आहे तोवर नाही." मग कोर्टाच्या खेपा सुरू होतात. हाच प्रश्न पूर्वी एका मोठ्या न्यायाधीशापुढे आला होता. त्यांचे नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग.

तेलंगांचा जन्म १८५० सालचा, मुंबईचा. ते वकील झाले. संस्कृत उत्तम जाणत. १८८४ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. कायदेमंडळ म्हणजे कायदे करणारी सभा. आज आपण मत देतो आणि सावनेरचा आमदार निवडतो. तेव्हा तसे नव्हते. गव्हर्नरसाहेब ज्याला नेमील तो सभासद!

१८८९ साली तेलंग मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. आता काम पालटले. सभेत बसून "हा कायदा बदला" असे म्हणता येते. न्यायाधीशाला तसे म्हणता येत नाही. आहे तो कायदा काय सांगतो, ते पाहून निवाडा द्यायचा.

१८९१ साली वाटणीचा एक दावा निकालाला आला. बाप आपल्या भावांबरोबर एकत्र राहतो आणि वाटणीला राजी नाही. तर मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत वाटणी मागता येईल का? बाकीचे न्यायाधीश म्हणाले, नाही येणार. तेलंग एकटे म्हणाले, येईल. त्यांनी मिताक्षरा हा जुना संस्कृत ग्रंथ नीट वाचला होता. वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, बापाइतकाच असतो, असे त्यांनी दाखवून दिले. पण न्यायालयात जास्त न्यायाधीश म्हणतील तो निकाल. म्हणून तेलंगांचे मत मागे पडले. पुढे मद्रासच्या उच्च न्यायालयाने मात्र तेलंगांचाच विचार उचलून धरला.

आम्हांला एक गोष्ट खटकते. या साऱ्या वादात मुलींचे नावही नव्हते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला आणि साऱ्या देशात २००५ साली. तो काही कोर्टाच्या निवाड्याने मिळाला नाही. तो कायदे करणाऱ्या सभांनी दिला.

तेलंग १८९३ साली वारले. वय अवघे ४३. त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे न्यायाधीश झाले. तेही आधी कायदेमंडळात बसलेले होते.