‘हे कशावरून?’ : इंग्रजी लेखनातील आधारदर्शक वाक्प्रयोग

विधान करणे सोपे असते. ते आधारासह मांडणे ही विद्या आहे. इंग्रजी निबंधात आपले विद्यार्थी स्वतःचे मत ठामपणे लिहितात. परंतु ते कशावरून, हे सांगावयाचे राहून जाते. त्यासाठी इंग्रजीत काही रूढ वाक्प्रयोग आहेत आणि प्रत्येकाचे कार्य निराळे आहे.

‘अकॉर्डिंग टू’ म्हणजे अमुकाच्या म्हणण्यानुसार. हा प्रयोग दुसऱ्या व्यक्तीचा वा ग्रंथाचा आधार देताना करावा. ‘अकॉर्डिंग टू मी’ असे लिहू नये. स्वतःच्या मतासाठी ‘इन माय ओपिनियन’ योग्य. उदाहरण देताना ‘फॉर इन्स्टन्स’ वापरावे. पुराव्यावरून केवळ अनुमान निघत असेल, तर ‘धिस सजेस्ट्स दॅट’. तो निर्णायक असेल, तरच ‘धिस प्रूव्ह्ज दॅट’ लिहावे.

हा भेद आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवरावरून स्पष्ट होतो. विवराचा वर्तुळाकार उल्कापात सुचवितो. पण ज्वालामुखीचे मुखही गोल असू शकते. म्हणून तेथे ‘सजेस्ट्स’ हेच क्रियापद शोभते. तेथील खडकांत मॅस्केलिनाइट ही प्रचंड आघाताच्या दाबाने निर्माण होणारी काच सापडली, तेव्हा अधिक ठाम शब्द वापरण्याचा अधिकार अभ्यासकांना प्राप्त झाला. शब्दाचे बळ पुराव्याच्या बळाहून अधिक नसावे.

या शिस्तीचा आदर्श डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले व केतकर यांच्या जातीविषयक व्याख्या नावानिशी दिल्या, त्यांची चिकित्सा केली आणि मगच स्वतःचा सिद्धान्त मांडला. आधार देणे म्हणजे मान तुकविणे नव्हे, हे यातून शिकावे.

चिखलीच्या परिसरातून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना उद्या शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रकल्प-अहवाल किंवा हक्काचे निवेदन इंग्रजीत लिहावे लागेल. तेथे वशिला नसेल, पुरावाच बोलेल. पालकांना इंग्रजी येत नसले, तरी मुलाने लिहिलेल्या प्रत्येक विधानावर त्यांनी एकच प्रश्न अवश्य विचारावा : ‘बाळा, हे कशावरून?’