परिवलन आणि कंपन : एकाच स्फटिकातील दोन गुणांचे नाते

दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बालपणाचे गाव. त्याच्या शेजारीच हर्णैचे मासेमारी बंदर आहे. मासेमारीच्या यांत्रिक नौकांवर उपयोगी पडणाऱ्या दोन साधनांत पदार्थविज्ञानाचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. होकायंत्रातील सूची चुंबकीय असते. प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली व माशांचे थवे शोधणाऱ्या यंत्रातील चकती मात्र विद्युत्-दाब मिळताच कंप पावते. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात नांदू शकतील काय?

निसर्गात असे पदार्थ थोडे आहेत. त्यांना ‘मल्टिफेरोइक’ म्हणतात. बिस्मथ फेराइट हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यातील बिस्मथमुळे विद्युत् गुण येतो, तर लोहामुळे चुंबकीय गुण. पहिला गुण सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत व दुसरा सुमारे ३७० अंशांपर्यंत टिकतो. म्हणून नेहमीच्या तापमानास दोन्ही गुण एकत्र आढळतात. २००३ मध्ये या पदार्थाच्या पातळ थरांवरील संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगभर या विषयाला नवी चालना मिळाली.

हे दोन गुण एकमेकांवर परिणाम कसा करतात, हे समजण्यास अणूंच्या रचनेकडे पाहावे लागते. इलेक्ट्रॉनाच्या अंगी ‘परिवलन’ अर्थात स्पिन हा गुण असतो. त्यामुळे तो सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. स्फटिकातील अणू ठराविक अंतरावर जाळीप्रमाणे मांडलेले असतात व आपापल्या जागी सतत कंप पावतात. कंपनाने अणूंमधील अंतर बदलले की शेजारच्या परिवलनांचे परस्परबंधन बदलते. उलट, परिवलनांची शिस्तबद्ध मांडणी झाली की जाळीच्या कंपनांचा वेगही किंचित बदलतो. हा बदल मोजला की दोन गुणांचे नाते कितपत घट्ट आहे, हे कळते. कित्येक पदार्थांत परिवलनांच्या लहरी व जाळीची कंपने एकमेकांत मिसळतात. अशा चुंबकीय लहरी विद्युत् क्षेत्रानेही उठविता येतात, असे २००६ मध्ये दिसून आले.

या मोजणीसाठी न्यूट्रॉन हे उत्तम साधन आहे. त्यास विद्युत्-भार नसल्याने तो पदार्थात खोल शिरतो. स्वतः सूक्ष्म चुंबक असल्याने त्यास परिवलनांचीही चाहूल लागते. आत जाताना व बाहेर येताना त्याच्या ऊर्जेत पडणारा फरक कंपनांचा हिशेब देतो. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी कार्यान्वित झाली. तेथील न्यूट्रॉन शलाकांचा लाभ विद्यापीठांतील संशोधकांनाही मिळतो.

ग्रामीण कारभाराशी याचा संबंध दूरचा नाही. सातबाराच्या नोंदी आता संगणकात साठविल्या जातात. चुंबकीय तबकडीवर नोंद उमटविण्यासाठी वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह सोडावा लागतो; त्यात ऊर्जा खर्च होऊन उष्णता निर्माण होते. केवळ विद्युत्-दाबाने चुंबकाची दिशा पालटता आली, तर हा खर्च पुष्कळच कमी होईल. हे तंत्र अद्याप प्रामुख्याने प्रयोगशाळेतच आहे. तथापि, चुंबक व वीज हे धडे शिकविताना शिक्षकांनी हा दुवा विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास पाठ्यपुस्तकातील दोन स्वतंत्र प्रकरणे मुळात एकाच पदार्थाची दोन अंगे असू शकतात, हे त्यांच्या ध्यानी येईल.