फाटलेला आवाज दुरुस्त करण्याआधी

आवाज फाटलेलं ध्वनिमुद्रण घेऊन माणसं येतात, तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये बहुधा त्याची तिसरी-चौथी नक्कल असते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली आणतं, कुणी यूट्यूबवरून उतरवून घेतलेली. कुणी परस्पर आवाज कमी करून ती ‘जरा बरी’ केलेली असते. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: कुठलं सॉफ्टवेअर वापरू? मी उलट विचारतो, मूळ फाईल कुठे आहे? दुरुस्ती किती होणार हे सॉफ्टवेअरच्या किमतीपेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून असतं. ही गोष्ट मला नीट पटली ती सातारा जिल्ह्यातल्या एका कीर्तनकारांच्या मुद्रणामुळे.

बुवांना जाऊन काही काळ लोटला होता. हरिनाम सप्ताहातलं त्यांचं काल्याचं कीर्तन एका शूटिंगवाल्याने चित्रित केलं होतं. त्यातला आवाज मुलीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. निरूपण कळत होतं, पण बुवा वरच्या सुरात गेले की गळ्यातून करकर यायची आणि गजरात तर टाळ, पखवाज, माणसं सगळं एकच होऊन जायचं. “दादा, आबांचा दुसरा आवाज आमच्याकडं नाही, एवढाच आहे,” असं त्या म्हणाल्या.

असं का होतं, ते आधी सांगतो. डिजिटल मुद्रणात आवाजाची लाट आकड्यांत लिहिली जाते आणि आकड्यांना वर मर्यादा असते. १६ बिटच्या फाईलमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्याहून मोठा आवाज आला की लाटेचा माथा तिथेच छाटला जातो, सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. त्या सपाट माथ्याच्या धारदार कडा मूळ गळ्यात नसलेले वरचे स्वरांश निर्माण करतात आणि कानाला ती करकर ऐकू येते. या मुद्रणात मिक्सरच्या लाइन आउटची तार थेट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला लावलेली होती. गावोगावच्या सप्ताहांत, लग्नांत, सभांत मला हेच कारण सर्वांत जास्त सापडतं. लाइनचा आणि माइकचा जोर यांत सहज ४० डेसिबलचा फरक असतो, म्हणजे विजेचा दाब शंभरपट. मध्ये जोर कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर नसेल, तर माइकचं इनपुट तो सहन करू शकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या नकलेवर मी काम सुरू केलं. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ‘शो क्लिपिंग’ चालू केलं, तर एकही लाल रेघ दिसेना. कानाला फाटलेलं स्पष्ट ऐकू येतंय आणि पडद्यावर सगळं ठीक. कारण ही खूण फक्त कमाल मर्यादेला टेकलेला आवाज दाखवते. फाईलचा आवाज नंतर कमी केला, की छाटलेला माथा छाटलेलाच राहतो, फक्त खाली सरकतो. शिवाय फाईल लहान करण्यासाठी आवाज दाबताना तो सपाट माथा किंचित वाकडातिकडा होतो. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर नेमकी ती सपाटीच शोधत असतं. ती मोडली की आवाज नक्की कुठे छाटला गेला, हे त्याला कळत नाही.

म्हणून मी बुवांच्या मुलीला म्हटलं, “ताई, शूटिंगवाल्याकडे मूळ कार्डातली फाईल आहे का बघा. पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी आणा, फोनवरून पाठवू नका.” त्या माणसाने ती जपून ठेवली होती. आणि त्या फाईलमध्ये असं काही निघालं, ज्याची आशा आम्ही दोघांनीही केली नव्हती. आवाजाचे दोन चॅनल होते. एकावर मिक्सरचा फाटलेला आवाज आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकने मंडपाच्या मागून टिपलेला. तो लांबचा आणि घुमणारा होता, पण कुठेही फाटलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपच्या नकलेत हे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले होते.

आता सॉफ्टवेअर काय करतं, ते पाहू. ते गेलेला आवाज परत आणत नाही, कारण तो मुद्रित झालेलाच नसतो. सपाट तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लाट कशी चढते आणि कशी उतरते हे पाहून मधला माथा कसा असेल, याचा अंदाज ते बांधतं. ऑडॅसिटीतलं ‘क्लिप फिक्स’ फुकट मिळतं आणि वक्ररेषा जुळवून हे काम करतं. आयझोटोप आरएक्समधलं ‘डी-क्लिप’ विकत घ्यावं लागतं. त्यात आवाजाचे माथे कुठल्या पातळीला गर्दी करतात याचा आलेख दिसतो, त्यामुळे छाटणीची रेषा अचूक धरता येते. अ‍ॅडोबी ऑडिशनमध्येही ‘डीक्लिपर’ आहे.

व्हिडिओच्या आवाजात सेकंदाला सहसा ४८,००० नमुने असतात. त्यातले सलग पाच-दहा सपाट झाले असतील, तर अंदाज इतका बरोबर बसतो की कान फसतो. पखवाजाची थाप अशीच असते, क्षणभर उसळते आणि ओसरते. ती छान सुधारली. पण साधारण २४० हर्ट्झच्या सुराची एक लाट २०० नमुन्यांची असते. बुवा तो सूर लांबवत असताना तिचा वरचा आणि खालचा, दोन्ही माथे गेलेले होते. उरलेल्या थोड्या आधारावर सॉफ्टवेअर जे बांधतं, ते ऐकताना गळा जाडसर आणि परका वाटतो. तिथे मी हात आखडता घेतला. थोडी करकर राहिली तरी चालेल, पण बुवांचा आवाज दुसऱ्या कुणाचा होता कामा नये.

गजरासाठी दुसरा चॅनल कामी आला. मंडपातल्या कर्ण्यांपासून कॅमेरा २० मीटरच्या आसपास असावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मागच्या माइकवर तो सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तेवढं सरकवून दोन्ही जुळवले आणि फाटलेल्या चॅनलचा वाटा कमी केला. टाळ पुन्हा टाळासारखे वाजू लागले.

कामाच्या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. आधी मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. कामाची प्रत ३२ बिट फ्लोटमध्ये उघडा आणि आवाज खाली घ्या, कारण दुरुस्त झालेले माथे जुन्या मर्यादेच्या वर जातात आणि जागा नसेल तर पुन्हा छाटले जातात. ‘क्लिप फिक्स’ स्वतःच आवाज ९ डेसिबलने कमी करायला सुचवतं, ते याचसाठी. छाटणीची दुरुस्ती सर्वांत आधी करा. खरखर काढणं, जाड-बारीक सूर सावरणं, आवाज वाढवणं हे सगळं नंतर. आधी खरखर काढली, तर सपाट माथ्यांची खूण पुसली जाते आणि मग पुढच्या पायरीला हाती धरायला काही उरत नाही. सगळी फाईल एकदम निवडू नका. ‘क्लिप फिक्स’ निवडलेल्या भागातल्या सर्वांत मोठ्या आवाजाशी तुलना करून रेषा ठरवतं. त्यात माइक पडल्याचा एखादा धक्का असेल, तर रेषा वर जाते आणि बाकीचं फाटलेलं तसंच सुटतं.

हल्ली आवाज ‘स्वच्छ’ करणारी एआयची साधनं एका क्लिकवर मिळतात. बोलण्यासाठी शिकवलेली ही साधनं गाणं आणि वाद्यं यांना अडथळा समजून पुसू लागतात, आणि जिथे शब्द अस्पष्ट असतो तिथे स्वतःचा शब्द भरू शकतात. निरूपणात संताच्या अभंगातला एखादा शब्द असा बदलला आणि ऐकणाऱ्याला तो पाठ नसला, तर बुवांनी म्हटलं नाही ते त्यांच्या नावावर चढतं. दिवंगत माणसाच्या आवाजावर मी ही साधनं वापरत नाही. दुसऱ्या कुणी वापरली, तर फाईलच्या नावात तसं स्पष्ट लिहावं, एवढी अपेक्षा आहे.

बुवांच्या घरी मी दोन फाइली दिल्या. एकीच्या नावात ‘मूळ’ आणि दुसरीच्या नावात ‘दुरुस्त’ असं लिहिलं, आणि दुसरीत कुठल्या मिनिटाला काय केलं, त्याचा कागद सोबत ठेवला. उद्या आजच्याहून चांगलं सॉफ्टवेअर आलं, तर काम ‘मूळ’पासूनच करावं लागेल.

ज्यांच्या गावात पुढचा सप्ताह व्हायचा आहे, त्यांनी शूटिंगवाल्याशी आणि मंडपवाल्याशी आधी बोलून घ्यावं. कॅमेऱ्याला लाइन इनपुट असेल तर तार तिथे लावा, नसेल तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर घाला. आवाजाची चाचणी एकट्या बुवांच्या बोलण्यावर करू नका. टाळकरी उभे करा, पूर्ण गजर करायला लावा, आणि त्या वेळी काटा −१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक दुसऱ्या चॅनलवर चालू ठेवा. ३२ बिट फ्लोटमध्ये मुद्रण करणारे छोटे रेकॉर्डर आता बाजारात आहेत आणि त्यांत फाईलची मर्यादा ओलांडून आवाज फाटण्याची भीती जवळजवळ उरत नाही. पण मिक्सरवरच लाल दिवा लागलेला असेल, तर तारेतून आलेला आवाज आधीच फाटलेला असतो आणि रेकॉर्डर तो तसाच टिपतो.