रस्त्यावरील मृत्यु व आत्महत्या : आंकडे काय शिकवितात?

दोन सालांच्या पिकांची तुलना करतांना आपण नुसतीं पोतीं मोजून थांबत नाहीं. पेरा किती होता व एकरीं उतारा काय पडला, हें पाहतों. मृत्यूंच्या आंकड्यांसहि हाच नियम लावावा. तेथें पेऱ्याच्या जागीं लोकसंख्या धरून दर लाख माणसांमागें प्रमाण काढावयाचें असतें.

सन २००१ मध्यें भारतांत रस्त्यावरील अपघातांनीं ८०,८८८ माणसें दगावलीं व १,०८,५०६ जणांनीं आत्महत्या केली. सन २०२२ मध्यें हेच आंकडे अनुक्रमें १,६८,४९१ व १,७०,९२४ झाले. लाखीं प्रमाण काढलें असतां अपघाती मृत्यु सुमारें ७.९ वरून १२.२ वर, व आत्महत्या १०.६ वरून १२.४ वर गेल्याचें दिसतें. पहिलें प्रमाण निम्म्याहून अधिक वाढलें, दुसरें सुमारें एक षष्ठांश. सन २०२२ च्या आत्महत्यांपैकीं ११,२९० शेतकरी व शेतमजूर यांच्या होत्या. त्यांतील ४,२४८ एकट्या महाराष्ट्रांतील.

हा चढ ललाटींचा लेख मानावा काय? आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे.

ब्रिटनमध्यें सन १९६६ सालीं रस्त्यांवर ७,९८५ माणसें मेलीं; सन २०१९ सालीं १,७५२. मध्यंतरीं मोटारी कितीतरी वाढल्या. परंतु सन १९६७ मध्यें मद्यपी चालकांच्या श्वासाची तपासणी सुरू झाली, सन १९८३ मध्यें पुढील आसनावर पट्टा बांधणें सक्तीचें झालें, आणि रस्ते व गाड्याहि सुधारल्या. माणसाचा स्वभाव पालटला नाहीं. अपायाची वाट अरुंद केली गेली.

आत्महत्येसहि हें लागू पडतें. श्रीलंकेंत अत्यंत जहाल कीटकनाशकांवर सन १९८४ पासून, व विशेषतः सन १९९५ मध्यें, बंदी आली. सन १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, आणि भाताचें उत्पन्न कांहीं बुडालें नाहीं. याचें कारण असें कीं, मरणाचा आवेग पुष्कळदां थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळांत विष हातीं न लागल्यास माणूस वांचतो, व वांचलेल्यांपैकीं बहुतेक पुढें जगतात.

कर्ज, नापिकी व आजार यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे; पण तोंवर आपल्या हातचें कार्य आपण टाकूं नये. फवारणीचें औषध लागेल तेवढेंच आणावें, कुलुपांत ठेवावें, व किल्ली एका जबाबदार माणसाजवळ असावी. घरांतील वा शेजारील कोणी खिन्न व अबोल झाला, तर त्याची आपुलकीनें विचारपूस करावी. ‘जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय’ असें सरळ विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं. सरकारनें सन २०२२ पासून चालविलेल्या टेलिमानस या सेवेंत १४४१६ या क्रमांकावर मराठींत विनामूल्य सल्ला मिळतो. तसेंच दुचाकीवर शिरस्त्राण घालावें, आणि बैलगाडीस व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागें चमकपट्टी लावावी.

शेतास कुंपण घालणारा शेतकरी गुरांचा स्वभाव बदलण्याची वाट पाहत बसत नाहीं. जिवासहि तसेंच कुंपण हवें.